पोटमाळा : उष्णतारोधन, फळ्या आणि दिव्यांचे वायरिंग

छप्पर आणि खोली यांच्यामध्ये फळ्या टाकून केलेली सामान ठेवण्याची किंवा निजण्याची जागा म्हणजे पोटमाळा. उल्हासनगरच्या जुन्या लष्करी बराकींचे भाग पाडून केलेली घरे असोत, अंबरनाथच्या कामगार चाळी असोत वा बदलापूरकडची बैठी घरे, छप्पर पत्र्याचे असले की एप्रिल-मे महिन्यांत माळा भट्टीसारखा तापतो. मग त्यावर थर्माकोल किंवा ग्लासवूल पसरून वर प्लायवूड ठोकले जाते आणि दिव्यांच्या वायरी खाली गाडल्या जातात.

या कामातली मूळ चूक थराच्या जागेची आहे. थंड देशांत खोलीतली ऊब वर निसटू नये म्हणून थर माळ्याच्या तळावर पसरतात. आपल्याकडे उष्णता वरून, पत्र्यातून येते. ती तिथेच अडवायची तर थर पत्र्याखाली, अँगलना धरून बसवायला हवा. त्यामुळे माळाही निवतो आणि वायरी मोकळ्या हवेत राहतात. वायरीतला प्रवाह दुप्पट झाला की तिच्यात निर्माण होणारी उष्णता चौपट होते, आणि साध्या पीव्हीसी वायरीची मर्यादा ७० अंश सेल्सिअस असते. अर्धा मीटर किंवा जास्त लांबी चहूबाजूंनी थरात बुडाली तर तिची प्रवाह वाहण्याची क्षमता निम्मीच धरतात. भोवतालची हवा आधीच तापलेली असेल तर त्याहूनही कमी. थर्माकोलचा धोका आणखी वेगळा आहे. वायरीच्या आवरणाला मऊ ठेवणारे द्रव्य थर्माकोलमध्ये उतरते, थर्माकोल चिकट होऊन बसतो आणि आवरण कडक होऊन तडकते. यासाठी वायर तापावी लागत नाही, नुसता स्पर्श पुरतो.

एलईडीच्या काळात एवढी काळजी कशाला, असे विचारले जाते. नऊ वॅटच्या दिव्याला अँपिअरचा दहावा भागही लागत नाही, हे खरेच. पण दिव्याच्या दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीवर पुढे माळ्यातला पंखा, मग कूलर, मग इस्त्रीही चढते, आणि थराखालचा ढिला जॉइंट कोणाला दिसत नाही. वायर कॉन्ड्युट पाइपमधून नेली तर थर्माकोलचा स्पर्श टळतो; कोंडलेली उष्णता मात्र टळत नाही. पत्र्याखाली थर लावल्याने डोक्यावरची उंची कमी होते, हा आक्षेप जास्त वजनाचा आहे. त्यावर पातळ थर लावणे बरे. वायरी बुडवण्यापेक्षा दोन बोटे उंची गेलेली परवडते.

फळ्या बसवण्याआधी मेन स्विच बंद करून परवानाधारक वायरमनकडून जुने जॉइंट तपासून घ्यावेत. कापडी पट्टी गुंडाळलेला जॉइंट दिसला तर तो काढून बंद जंक्शन बॉक्समध्ये घ्यावा आणि बॉक्सवरची फळी खिळ्याने न ठोकता स्क्रूने बसवावी, म्हणजे उचलता येते. वायरीचा मार्ग फळीच्या वरच्या बाजूला रंगाने आखावा, नाहीतर पुढचा सुतार नेमका त्यावरच ड्रिल चालवतो. छतात बसवलेल्या दिव्याच्या ड्रायव्हरभोवती जागा मोकळी सोडावी. पावसाळ्यात पत्रा गळून थर भिजतो, म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. जुन्या सिमेंट पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असते. थर अडकवण्यासाठी त्यांना भोके पाडू नयेत, कारण ती धूळ फुप्फुसांत जाते.