शिरूरहून निघालेली वाट

सोमनाथ वाघमारे यांचा 'द बॅटल ऑफ भीमा कोरेगाव : ॲन अनएंडिंग जर्नी' हा माहितीपट २०१७ मध्ये आला. नावात लढाई असली तरी तो आहे प्रवासपटच. दर १ जानेवारीला एका स्तंभाकडे लोटणाऱ्या माणसांचा. या वाटेचे उगमाकडचे टोक पाहायचे तर आपल्याला घोडनदीकाठी शिरूरला आणि त्याही आधी वसईला जावे लागते. ३१ डिसेंबर १८०२ रोजी पेशवा दुसऱ्या बाजीरावाने ईस्ट इंडिया कंपनीशी वसईचा तह करून तैनाती फौज घेतली आणि तिच्या खर्चापोटी वर्षाला २६ लाख वसुलाचा मुलूख कंपनीला लिहून दिला. पुढच्याच वर्षी अमेरिकेने फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरला लुइझियाना घेतली. तिथे निदान खरेदीखत तरी होते. इथे राखणदारच हळूहळू वाड्याचा धनी झाला. त्या फौजेची छावणी पडली शिरूरला. तिचा अधिकारी कर्नल वॉलेस १८०९ मध्ये तिथेच वारला आणि मुलूख घेणाऱ्यांपैकी या एका साहेबाला गावकरी चक्क 'सत्पुरुष' मानून त्याच्या कबरीपुढे धूप जाळू लागले.

वसईच्या तहाला बरोबर पंधरा वर्षे झाली त्या रात्री, ३१ डिसेंबर १८१७ रोजी, कंपनीचा कॅप्टन स्टाँटन शिरूरहून पुण्यातल्या इंग्रज फौजेच्या मदतीला निघाला. बरोबर सुमारे पाचशे पायदळ, अडीच-तीनशे घोडेस्वार आणि दोन तोफा. सकाळी कोरेगावाशी पोहोचतो तर भीमेपलीकडे पेशव्यांची सुमारे अठ्ठावीस हजारांची फौज. पण नदी एवढी जवळ असून गावात अडकलेल्या शिपायांना दिवसभर पाण्याचा थेंब मिळाला नाही. रात्री पेशव्यांचे सैन्य मागे सरले. स्टाँटनही पुण्याला गेला नाही, जखमींना घेऊन शिरूरला परतला. एवढ्या अनिर्णित दिवसाचा पुढे एवढा डंका पिटला गेला, त्याचे कारण नंतरच्या पाच महिन्यांत आहे : जूनमध्ये बाजीराव शरण आला, आठ लाखांचा तनखा घेऊन बिठूरला गेला आणि त्याचे राज्य कंपनीच्या घशात गेले.

१८२१ मध्ये भीमेच्या पुण्याकडच्या तीरावर, पेरण्याच्या हद्दीत, कंपनीने स्तंभाचा पाया घातला. म्हणजे लढाईचे गाव आज शिरूर तालुक्यात आणि खूण हवेलीत. इंग्रजी आणि मराठी लेखात मृतांची नावे कोरली, त्यांतली बावीस 'नाक'ने संपणारी, महार शिपायांची. मालकाने स्वतःच्या दिमाखासाठी लिहिलेली ही यादी पुढे मालकाच्याच विरोधात पुरावा ठरली. १८९० च्या दशकात सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी आणि १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज करून जुन्या पराक्रमाची आठवण दिली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर स्तंभापाशी आले आणि कंपनीच्या जयस्तंभाची मालकी खऱ्या अर्थाने बदलली. १९४१ मध्ये उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता.

आता पडद्याचा धागा. कल्याणच्या पटवर्धनांनी १८९२ मध्ये काचेवरच्या रंगीत चित्रांचा 'शांबरिक खरोलिका' हा खेळ सुरू केला; बसल्या जागी दूरचे दाखवण्याची आपली हौस सिनेमाच्या आधीची आहे. १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन आल्यावर देशदर्शन हे सरकारी काम झाले आणि मुख्य खेळाआधी चित्रगृहांत ते सक्तीने दिसू लागले. वाघमारे यांचा कॅमेरा त्या परंपरेत बसत नाही. त्याला मुलखाचे देखावे नकोत, की पेशवे-कंपनीचा हिशेबही नको. स्तंभाशी येणारी माणसे आपला इतिहास कसा सांगतात, हे त्याला हवे आहे. माझ्या मते दोनशे वर्षांत या स्मारकाच्या वाट्याला आलेली ही सर्वांत प्रामाणिक नोंद. पुढच्याच १ जानेवारीला, द्विशताब्दीच्या दिवशी, त्या रस्त्यावर हिंसाचार झाला आणि सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. २०२३ मध्ये वाघमारे यांचा 'चैत्यभूमी' आला. या वेळी तारीख ६ डिसेंबर आणि ठिकाण दादर.