करोडगिरी

अक्कलकोटहून कडगंचीच्या दत्तमंदिरात येणारा भक्त आज थेट येतो. 1948पर्यंत कडगंचीचा मुलूख निजामाचा. हद्द ओलांडली की करोडगिरी नाका, म्हणजे जकातीचा. शब्द मात्र मोगली. 1575च्या सुमारास अकबराने कोटभर वसुलीच्या मुलखावर एकेक अंमलदार बसवला, तो करोडी. त्याचं काम ती करोडगिरी. पुढे कोटीचा हिशेब विसरला गेला, वसुली राहिली! निजामाच्या राज्यात तो थेट सीमाशुल्काचाच शब्द झाला.

नाके जपानमध्येही होते; तिथे हाकोनेचा जुना नाका तर 2007 साली हुबेहूब पुन्हा उभा केला आहे. तिथली नजर मालापेक्षा माणसांवर: सरदारांच्या एदो शहरात ओलीस ठेवलेल्या बायका निसटू नयेत म्हणून बायकांची झडती बायकाच घेत. प्रवासाचा परवाना 'तेगाता', शब्दशः हाताचा आकार. आपल्या जुन्या कागदांतलं 'दस्तक'ही फारसी 'दस्त'वरून, म्हणजे हातावरूनच आलेलं.

करोडगिरीचा नाका असा हौसेने कोण बांधील? हैदराबाद मुक्तिसंग्रामात कार्यकर्त्यांनी हात घातला, तो असल्या नाक्यांनाही. कित्येक जाळले.