बहात्तर मतांनी गेलेला रॉबिन

(सगळ्या वेळा बीडच्या घड्याळाप्रमाणे. न्यूयॉर्क तेव्हा आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे होतं.)

गुरुवार, १५ सप्टेंबर १९८८, संध्याकाळी ६.३०. पस्तीस तास बाकी

न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजले आणि दोन टेलिफोन नंबर सुरू झाले. दोन्ही ९०० ने सुरू होणारे. एकाच्या शेवटी २६६०, दुसऱ्याच्या शेवटी २६६६. पहिला फिरवला तर बॅटमॅनचा साथीदार रॉबिन वाचणार, दुसरा फिरवला तर मरणार. एका फोनला पन्नास सेंट. ‘बॅटमॅन’च्या ४२७ व्या अंकात स्फोट होतो आणि गोष्ट तिथेच थांबते. पुढचं वाचकांनी ठरवायचं होतं.

संपादक होते डेनी ओनील. कल्पनेचं मूळ १९८२ च्या एका टीव्ही कार्यक्रमात होतं. एडी मर्फीने लॅरी नावाची जिवंत शेवंड दाखवून प्रेक्षकांना विचारलं होतं, उकळू की सोडू? पाच लाखांच्या आसपास फोन आले आणि सोडा म्हणणारे जिंकले. शेवंडीला लोकांनी दया दाखवली होती.

रात्री ८.००. साडेतेहेतीस तास बाकी

बीडमध्ये गणपतीचे दिवस. मंडळांसमोर आरत्या चाललेल्या. तोवर त्या स्फोटाच्या ढिगाऱ्याखाली कोण पडलंय ते सांगायला हवं.

जेसन टॉड हा दुसरा रॉबिन. पहिला डिक ग्रेसन, सर्कशीत वाढलेला, हसतमुख, सगळ्यांचा लाडका. १९८३ मध्ये आलेला जेसनही आधी त्याचीच नक्कल होता. १९८७ मध्ये त्याचा जन्म नव्याने लिहिला गेला: आईबाप नसलेला, रस्त्यावर एकटा जगणारा पोरगा, बॅटमॅनच्या गाडीची चाकं काढून विकायला निघालेला. बॅटमॅन त्याला घरी आणतो. पोरगा धाडसी, पण रागीट. उलट बोलतो, थांब म्हटलं तर थांबत नाही. वाचकांना तो आवडला नाही.

जिम स्टार्लिनने लिहिलेल्या आणि जिम अपारोने चितारलेल्या या कथेत जेसनच्या हाती जुन्या कागदांचा खोका लागतो. त्यात जन्माचा दाखला. पाण्याने शाई फुटलेली, आईच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर वाचता येतं: ‘एस’. म्हणजे जिला तो आई समजत होता ती जन्मदाती नव्हतीच. बापाच्या जुन्या वहीतली ‘एस’ने सुरू होणारी तीन नावं घेऊन तो लेबनॉन गाठतो, शेवटी इथिओपिया. तिथल्या दुष्काळी छावणीत शीला हेवुड मदतकार्यात असते. हीच त्याची आई.

आणि ती त्याला बॅटमॅनचा वैरी जोकर याच्या हवाली करते. मदतीच्या पैशात तिने हात मारलेला असतो. दुष्काळग्रस्तांची औषधं जोकर लांबवतो आणि त्या जागी विष भरतो. ७२ च्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडली, सुकडीवर दिवस काढले, त्यांच्या जिल्ह्यात हे पान वाचताना मला पुढे येणाऱ्या जोकरच्या पहारीपेक्षा गोदामातल्या त्या विषारी खोक्यांची चीड जास्त आली होती.

पहारीने मारून मारून पोराला अर्धमेला केल्यावर जोकर शीलालाही तिथेच बांधून टाकतो. बॉम्बची घड्याळं टिकटिकायला लागतात. जेसन रक्ताने माखलेला, सरपटत आईपर्यंत जातो, तिचे दोर सोडतो. दाराला बाहेरून कुलूप. जिने त्याला विकलं तिच्या अंगावर तो आडवा होतो. मग स्फोट.

मध्यरात्रीनंतर १२.३०. एकोणतीस तास बाकी

अमेरिकेत दुपारचे तीन. शाळा सुटायची वेळ. पण तोवर कॉमिक्सचा मोठा वाचक थोराड झाला होता, खास कॉमिक्सच्या दुकानांतून गठ्ठ्याने अंक नेणारा. त्या वाचकाला रॉबिन नावाचं पोर बॅटमॅनच्या काळोख्या जगात नकोच होतं, आणि त्यातही हे उद्धट पोर.

इथे मी जेसनच्या बाजूचा आहे, आणि त्याचं कारण बीडचंच आहे. दिवाळीच्या आगेमागे इथून ऊसतोडीचा कोयता निघतो. मुकादमाची उचल फेडायला नवरा-बायको पाच-सहा महिने फडावर जातात. शिरूर कासार, पाटोदा, धारूरच्या वस्त्यांवर पोरं आजीपाशी राहतात, नाहीतर आईबापाबरोबर पाचटाच्या कोपीत. आजीपाशी राहिलेल्यांतला एखादा वर्गात मारामाऱ्या करतो, मास्तरांना उलट बोलतो. अशा पोराला वाया गेलेला म्हणायला फार वेळ लागत नाही. जेसनचा राग असाच आई नसलेल्या घरातून आलेला आहे. स्टार्लिनलाही रॉबिन आवडत नव्हता, तरी त्याने त्या पोराला दिलेलं शेवटचं काम आईचे दोर सोडण्याचं आहे. ज्यांनी २६६६ फिरवला त्यांनी हे पान वाचलेलंच होतं.

शुक्रवार, १६ सप्टेंबर, सकाळी १०.००. साडेएकोणीस तास बाकी

बीडहून मुंबईला बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करून ताटकळत बसायचं, असा तो काळ. अमेरिकेतल्या या मतदानाचा आपल्याला पत्ताही नव्हता.

आपल्याकडे होता वेताळ. टाइम्स समूहाने मार्च १९६४ मध्ये मुंबईतून इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं, त्याच्या पहिल्या अंकापासून वेताळ आला. मराठी अंक एस.टी. स्टँडवर मिळायचे, हातोहात फिरून त्यांची मुखपृष्ठं गळून पडायची. ली फॉकचा हा वेताळ एकविसावा. त्याच्याआधीचे वीस मेले आहेत, कवटी गुहेत त्यांची थडगी आहेत. बाप मरतो, मुलगा कवटीवर हात ठेवून शपथ घेतो, तोच मुखवटा चढवतो आणि जगाला वाटतं वेताळ अमर आहे. मरण त्या गोष्टीच्या पोटातून येतं, म्हणून ते सोसवतं. इंद्रजालवर वाढलेल्या वाचकाला नायक मेल्याचा धक्का बसत नाही. मला खटकतं ते जेसनचं मरण गोष्टीबाहेरून, फोनच्या तारेवरून आलं, हे.

संध्याकाळी ६.३०. अकरा तास बाकी

न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्या दिवसाची सकाळ. निकाल काहीही लागला तरी पुढचा अंक वेळेवर निघावा म्हणून अपारोने मोक्याची पानं दोन्ही परींनी काढली होती. एकात बॅटमॅन ढिगाऱ्यातून निर्जीव देह उचलतो. दुसऱ्यात पोराला धुगधुगी असते आणि बॅटमॅनच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव. त्याच हाताने, त्याच शाईने.

रात्री ९.३०. आठ तास बाकी

ओनील पुढे मुलाखतींत एक ऐकीव गोष्ट सांगत: कुणीतरी संगणकाला कामाला लावलं आणि तो आठ तास, दर नव्वद सेकंदांनी ‘मरू दे’चा नंबर फिरवत राहिला. म्हणजे आता उरले होते तेवढेच तास. हिशेब सोपा आहे. ताशी चाळीस फोन, आठ तासांत तीनशेवीस, खर्च एकशेसाठ डॉलर. ही ऐकीव गोष्ट खरी असेल तर सगळा निकाल एका माणसाच्या खिशातून लागला.

शनिवार, १७ सप्टेंबर, पहाटे ५.३०. वेळ संपली

न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे आठ. फोन बंद. एकूण मतं १०,६१४. जगू दे म्हणणारी ५,२७१. मरू दे म्हणणारी ५,३४३. फरक बहात्तरचा.

बीडमध्ये मराठवाडा मुक्तिदिन उजाडत होता, निजामी राजवट संपल्याला चाळीस वर्षं पूर्ण होत होती. जेसनबद्दल इथे कुणाला काही माहीत नव्हतं.

त्यानंतर

४२८ व्या अंकात शीला मरता मरता बॅटमॅनला सांगते की पोरगा माझ्या आड आला. ते पान आजही वाचवत नाही. ४२९ वा अंक मात्र पार घसरलेला: जोकरला इराणचा राजदूत करून संयुक्त राष्ट्रसंघात उभं केलं, आणि एवढ्या मोठ्या दुःखाचं बातम्यांच्या मथळ्यांत वाटोळं केलं.

पेपरवाल्यांनी बातम्या उठवल्या, लोकांनी ‘बॅटमॅन’ छापणाऱ्या डीसीला शिव्या घातल्या. बॅटमॅनने जेसनचा पोशाख काचेच्या कपाटात ठेवला. १९८९ मध्ये तिसरा रॉबिन, टिम ड्रेक आला. २००५ मध्ये जड विनिकने जेसनला ‘रेड हूड’ म्हणून परत आणलं. आता तो मोठा झालेला, आणि त्याचा राग थेट बॅटमॅनवर: मला मारणाऱ्याला तू जिवंत का सोडलंस? या प्रश्नाला बॅटमॅनकडे पटेल असं उत्तर नाही, आणि विनिकने ते ओढूनताणून दिलंही नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये डीसीने ४२८ वा अंक दुसऱ्या परीने छापला, ज्यात रॉबिन जगतो. जेसनच्या वयाच्या कुणाच्या हाती ही कथा द्यायची झाली तर मी आधी ४२६ आणि ४२७ देईन, मग हा अंक. छापलेलं मरण त्यानंतर.