फाइलींची सूची आणि संगणकधारकाचा अधिकार

फाइलींची सूची आगाऊ तयार करणारा प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टीमबरोबरच बसवून चालू ठेवावा काय, हा प्रश्न सामान्यतः संगणकाच्या वेगाचा मानला जातो. त्याचा इतिहास पाहता तो मुख्यतः अधिकाराचा ठरतो.

जेम्स वुड्स यांनी १९८३ मध्ये युनिक्सवर फाइल शोधण्याची जी जलद पद्धत मांडली, तिच्यात फाइलींच्या नावांची सूची ठरावीक काळाने, बहुधा रात्री, तयार होई. संगणक अनेकांचा असे व सूची केव्हा करावयाची हे व्यवस्थापक ठरवी. सूचीत केवळ नावे असत, मजकूर नसे.

वैयक्तिक संगणकात ही व्यवस्था पालटली. ॲपलचे स्पॉटलाइट एप्रिल २००५ मध्ये आले. जानेवारी २००७ मध्ये ग्राहकांस मिळालेल्या विंडोज व्हिस्टातही सूचीकरण मुळातच चालू होते. आता फाइलींतील मजकूरही सूचीत येऊ लागला आणि फाइल बदलताच सूचीही बदलू लागली. रात्रीचे काम दिवसावर आले. फिरत्या डिस्कचे वाचन एका वेळी एकाच ठिकाणी होत असल्याने सूचीकरण व संगणकधारकाचे काम यांत स्पर्धा निर्माण झाली. सूचीकरणास दुय्यम स्थान देऊन व्हिस्टाने ती सौम्य केली. परंतु निर्णयाचा प्रश्न त्याने सुटला नाही.

तो प्रश्न जून २००७ मध्ये उघड झाला. व्हिस्टातील शोधसेवा सहज बंद करता येत नाही व प्रतिस्पर्धी साधने तिच्यामुळे मंदावतात, अशी गूगलची अमेरिकेच्या न्यायखात्याकडे तक्रार होती. गूगलचे स्वतःचे साधनही सूचीकारच होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. मायक्रोसॉफ्टने शोधसाधन निवडण्याची मुभा देण्याचे मान्य केले व २००८ च्या सर्व्हिस पॅक १ मध्ये ती दिली.

हा दोष केवळ व्यापारी कंपन्यांचा नव्हे. केडीईने २०१४ मध्ये नेपोमुकच्या जागी बालू आणले, तेव्हा ते बंद करण्याची सरळ सोय प्रथम नव्हती. आक्षेपांनंतर ती करावी लागली.

सूचीकरण मुळात असावे, या पक्षाचे बळ नाकारता येत नाही. शोधाची गरज भासण्यापूर्वीच सूची तयार असावी लागते; गरज पडल्यावर बसविलेले साधन त्या क्षणी निरुपयोगी असते. म्हणून ते मुळात असणे समर्थनीय आहे. मात्र ते काय वाचते हे संगणकधारकास दिसले पाहिजे आणि ते थांबविणे त्याच्या हाती असले पाहिजे. युनिक्सच्या व्यवस्थापकाजवळ जो अधिकार होता, तो वैयक्तिक संगणकात संगणकधारकाकडे येणे हेच न्याय्य होय.