रात्री दोनची कूस

रात्रीचे दोन. साल १९४४, महिना नोव्हेंबर. लंडनच्या वायव्येला, आयल्सबरी गावाजवळच्या बैठ्या बराकींपैकी एकीत तुम्ही उभे आहात. अंगावर लष्करी ऑर्डर्लीचा पोशाख आहे. थंडीनं बोटं आखडली आहेत. समोरच्या खाटेवरचा जेमतेम तेवीस वर्षांचा पोरगा टक्क जागा आहे. पाठीत बॉम्बची कपची शिरल्यापासून कमरेखालचं अंग त्याचं उरलेलं नाही.

"परत?" तो विचारतो.

"परत."

तुम्ही आणि आणखी दोघं खाटेच्या एकाच बाजूला उभे राहता. एकाचे हात त्याच्या खांद्यांखाली, दुसऱ्याचे कमरेखाली, तिसऱ्याचे पायांखाली. एक, दोन, तीन, आणि तिघांनी एकाच दमात वळवायचं. खांदा आधी वळला आणि कंबर मागं राहिली, तर मोडक्या मणक्याला पीळ बसेल.

वळवलं म्हणजे संपलं, असं नाही. आता बॅटरीच्या उजेडात पाठ पाहायची. माकडहाडाच्या वरचा भाग, दोन्ही खुबे, घोटे, टाचा. चादरीची सुरकुती ताणून सपाट करायची, पावाचा कण राहिला असेल तर झटकायचा. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी द्यायची, टाचा अधांतरी ठेवायच्या. पोरगा तुमच्याकडे पाहत असतो. तुमचे हात त्याला दिसतात, पण कमरेखाली ते त्याला जाणवत नाहीत.

तुम्ही-आम्ही झोपेत रात्रभर चुळबुळ करतो. एका कुशीवर भार वाढला की अंग आपलं आपण वळतं. याच्या अंगाचा तो निरोप मणक्यापाशीच अडतो. हाड आणि गादी यांच्या कचाट्यात कातडी सापडते, तिथं रक्त पोचत नाही, आणि आतलं मांस मरायला लागतं. हाच बेडसोर. पहिल्या महायुद्धात मणक्याला इजा झालेले बहुतेक सैनिक दगावले, ते बेडसोरमुळे आणि लघवीच्या मार्गातल्या संसर्गामुळे. अशा रुग्णाला प्लास्टरमध्ये बांधून ठेवायचं, मॉर्फिन द्यायचं आणि वाट पाहायची, हीच तेव्हाची रीत होती.

दार वाजतं. एवढ्या अपरात्री बुटका, जाडजूड चष्म्याचा माणूस आत येतो. हे डॉक्टर लुडविग गुटमान, ब्रेस्लाऊचे ज्यू न्यूरोलॉजिस्ट. नाझींच्या जर्मनीतून १९३९ साली ते कुटुंबासह इंग्लंडला आले. १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात मणक्याच्या जखमींसाठी हा विभाग सुरू झाला तो त्यांच्या हाताखाली. ते आधी घड्याळाकडे बघतात, मग पोराच्या पाठीकडे. तुम्ही श्वास रोखून धरता. ते मान हलवून पुढच्या खाटेकडे वळतात.

तुम्हाला वाटलं होतं, हा माणूस एखादं औषध घेऊन आला असेल. त्यानं आणलं वेळापत्रक. दर दोन तासांनी कूस बदलायची, दिवसा आणि रात्रीही. एका माणसाला चोवीस तासांत बारा वेळा. वीस खाटा भरल्या की दिवसाला दोनशे चाळीस वेळा. 'रुग्णाची नीट काळजी घ्या' ही झाली सदिच्छा. दोन वाजता डावी कूस, चार वाजता पाठ, सहा वाजता उजवी कूस, ही झाली योजना. ती पाळायला दरवेळी जागं असणारं कुणीतरी लागतं, आणि ते कुणीतरी बदलत राहणार हे तिच्यात गृहीत धरलेलं असतं. सकाळी तुमची पाळी संपेल, त्या पोराची संपणार नाही.

उजाडल्यावर त्याच योजनेची पुढची पानं उलगडतात. लघवीची नळी निर्जंतुक पद्धतीनंच घालायची. झिजलेल्या अंगाला प्रथिनांचा आहार द्यायचा. खांदे-दंड बळकट करायचे. सुतारकाम, घड्याळदुरुस्ती शिकायची. मग खेळ. २९ जुलै १९४८ रोजी लंडनला ऑलिम्पिकचं उद्घाटन होत असताना इथल्या हिरवळीवर चाकाच्या खुर्च्यांतले सोळा माजी सैनिक, पुरुष आणि स्त्रिया, धनुष्यबाणाची स्पर्धा खेळतात. पॅरालिम्पिकचं मूळ या हिरवळीत आहे.

डोळे मिटा.

उघडलेत तेव्हा पुन्हा रात्रीचे दोन, पण साल १९६० च्या आसपासचं. लंडनमधला वृद्धांचा वॉर्ड. आता तुमच्या हातात ढकलगाडी आहे, तिच्यावर साबण, पाणी, स्पिरिट आणि पावडर. प्रत्येक म्हातारीची पाठ धुवायची, चोळायची, पावडर लावायची, पुढची खाट. तुमच्या आधीच्यांनी हेच केलं, त्यांच्या आधीच्यांनीही. का, हे कुणी विचारलेलं नाही.

एक परिचारिका विचारते. तिचं नाव डोरीन नॉर्टन. दोन सहकाऱ्यांबरोबर ती पाहते, मोजते, लिहून ठेवते. १९६२ साली त्यांचं संशोधन छापून येतं. कातडीला काय चोळलं यापेक्षा तिच्यावरचा भार किती वेळा हलवला, यावर तिचं भवितव्य ठरतं. तुमच्या गाडीवरच्या बाटल्यांचा मान एकदम उतरतो.

आणखी एक गोष्ट नॉर्टन तुमच्या हातात देते. पाच प्रश्न: शरीराची स्थिती कशी आहे, मनाची कशी, माणूस चालतो-फिरतो का, खाटेवर स्वतःहून हलतो का, मलमूत्रावर ताबा आहे का. प्रत्येकाला एक ते चार गुण, एकूण वीस. चौदा किंवा त्याहून कमी भरले तर सावध. तुम्ही पहिल्या खाटेपाशी जाऊन बेरीज करता: अकरा. दुसऱ्या खाटेची सतरा. आता सगळ्यांच्या पाठी सारख्याच चोळत जायचं कारण उरत नाही. अकरावालीकडे आधी जायचं, आणि पुन्हा पुन्हा जायचं. जखम व्हायच्या आधीच ती कुणाला होईल हे तुम्हाला दिसू लागलं आहे.

पुढची वर्षं झरझर सरतात. १९७३ साली अमेरिकेत सेंट लुईस शहरात परिचारिका जमतात आणि नर्सिंगच्या निदानाची स्वतःची परिभाषा बांधायला घेतात. डॉक्टर लिहितात 'मणक्याला इजा'. परिचारिका लिहिते 'हालचाल नाही, संवेदना नाही, म्हणून कातडी फाटण्याचा धोका'. एकच माणूस, पण दोघांची कामं वेगळी. आधी पाहणी, मग निदान, मग योजना, अंमल, आणि शेवटी जमलं का याची तपासणी, अशा पाच पायऱ्या नर्सिंगच्या पुस्तकांत पक्क्या होतात.

सेंट लुईसच्या त्या बैठकीच्या एक वर्ष आधी, १९७२ साली, जर्मनीतल्या हायडेलबर्गला क्षणभर थांबा. गुटमानना ज्या देशातून पळावं लागलं, त्याच देशात त्यांनी सुरू केलेल्या स्पर्धा भरल्या आहेत. जलतरण तलावातून सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर बाहेर येतात. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे पाय लुळे पडले होते. ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक त्यांचं आहे, आणि पॅरालिम्पिकमधलं भारताचं हे पहिलंच सुवर्ण. टाळ्या वाजवताना तुम्हाला १९४४ मधली ती बराक आठवते. मणक्याचा जखमी माणूस जगू शकतो, एवढंच आधी कुणालातरी सिद्ध करावं लागलं होतं.

आणि आता तिसऱ्यांदा रात्रीचे दोन. साल तुमचंच. महाराष्ट्रातल्या एका रुग्णालयाचा पुरुष वॉर्ड. दोन्ही बाजूंना भरलेल्या खाटा, मध्ये टेबल, टेबलाशी एक सिस्टर आणि तिच्याजवळ एक नर्सिंगची विद्यार्थिनी. यावेळी अंगावर गणवेश नाही. तुमच्या मांडीवर घडी केलेली शाल आहे, खाटेवर अर्धांगवायू झालेले तुमचे वडील आहेत.

"नातेवाईक कोण आहे पेशंटचं?"

तुम्ही उठता. सिस्टरच्या हातात विद्यार्थिनीची फाइल आहे. केअर प्लॅन सुवाच्य अक्षरात, रकाने आखून, बहुधा मागच्या बॅचच्या फाइलवरून उतरवलेला. त्यात एक ओळ आहे: दर दोन तासांनी कूस बदलणे.

"कोण बदलणार? किती वाजता? कोणती कूस?" सिस्टर तिला विचारते. मुलगी गप्प. सिस्टर कोरा कागद घेते, त्याच्यावर वेळा लिहिते, वेळेपुढं कूस लिहिते, आणि चिकटपट्टीनं खाटेच्या डोक्याशी चिकटवते. मग तुमच्याकडे वळते. "वॉर्डबॉय मामांना बोलावते. आता आपण मिळून करू, चारला मी येते. तुम्ही बघून ठेवा, घरी गेल्यावर तुम्हालाच करायचं आहे."

ती तुमचं बोट वडिलांच्या माकडहाडाजवळच्या लालसर डागावर ठेवून दाबायला लावते. बोट काढल्यावर डाग पांढुरका होऊन परत लाल झाला, म्हणजे रक्त फिरतंय. लालच राहिला तर ताबडतोब सांगायचं. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून हात लावून पाहायचं: आजूबाजूपेक्षा गरम लागतंय का, घट्ट लागतंय का. आणि तिथं चोळायचं मुळीच नाही. तुम्ही तेलाची बाटली हळूच पिशवीत परत ठेवता.

मामा येतात. खांदे, कंबर, पाय. एक, दोन, तीन. तुमच्या हातांना हे येतं. ऐंशी वर्षांपूर्वी एका थंड बराकीत ते हे शिकले आहेत.

आठ वाजता ही सिस्टर घरी जाईल. वडिलांची कूस कुणाच्या आठवणीवर सोडलेली नाही, ती कागदावर आहे. आलेली नवी सिस्टर तो कागद वाचेल आणि तिला काही विचारावं लागणार नाही. काळजीची योजना म्हणतात ती एवढीच: मी नसताना काय व्हायला हवं, ते मी असतानाच ठरवून, लिहून ठेवणं.

उद्या कुणाला भेटायला रुग्णालयात गेलात तर शहाळं जरूर न्या. पण रुग्ण स्वतःहून हलत नसेल, तर सिस्टरना एवढं विचाराच: आता कोणती कूस, आणि पुढची किती वाजता?