बाष्पसंपीडनाचा इतिहास आणि साखर उद्योग

आहुपे परिसरात उगम पावणाऱ्या घोड नदीच्या खोऱ्यात पारगावचा भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे. रस आटविताना निघणाऱ्या वाफेचा पुनर्वापर हा अशा उद्योगांपुढील जुना प्रश्न होय. ऑस्ट्रियातील एबेन्झे येथील मीठ कारखान्यात पीटर फॉन रिटिंगर यांनी १८५६ च्या सुमारास वाफ दाबून तीच उष्णता पुन्हा वापरली. परंतु मिठाच्या थरांमुळे यंत्र अखंड चालले नाही. १८७७ मध्ये स्वित्झर्लंडमधील बेक्स येथे ही पद्धती यशस्वी झाली. वातावरणीय दाबाची वाफ दुप्पट दाबास नेल्यास ती १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला द्रवरूप होते. साखर कारखान्यांनी मात्र प्रामुख्याने बहुपात्री बाष्पीभवन स्वीकारले; कारण बगॅस हे घरचेच इंधन होते. सहवीजनिर्मितीमुळे आता वाचलेल्या बगॅसला मोल आले आहे. सबब, संपीडकाचा फेरविचार आवश्यक ठरतो.