दत्तक गेलेल्या बापाचे मूल

पेणेहून रोह्यास जाताना वाटेत नागोठणे लागते. या गावावरून एके काळी धर्मशास्त्राची सीमा जात होती, हे प्रवाशास सहसा ठाऊक नसते. उत्तर कोकणात नीलकंठभट्टाच्या ‘व्यवहारमयूखा’स अग्रमान द्यावा, असे मुंबई हायकोर्टाने १८७९ साली ठरविले; १९१६ साली त्याच कोर्टाने ही सत्ता चौल व नागोठणे यांच्या दक्षिणेस नेण्याचे नाकारले. या हिशेबाने पेण मयूखाच्या राज्यात पडे व रोहे मिताक्षरेच्या. बायकामुले मागे न ठेवता विभक्त मुलगा वारला, आणि वारसा आईबापांवर आला, तर पेणेस आधी बाप धनी होई, रोह्यास आई! १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने ही रेषा पुसून टाकली.

मूल देऊन टाकल्यावर त्याच्या अन्नवस्त्राचे काय, या प्रश्नात मात्र दोन्ही गावांचे एकमत होते. कुलाबा जिल्ह्यास, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगडास, दत्तकाचे महत्त्व शिकवावयास नको. आंग्र्यांचे संस्थान १८४० साली दत्तक नाकारूनच खालसा झाले. परंतु साध्या घरातील गोष्ट राजकारणाहून वेगळी होती. जनक पित्याने मूल दुसऱ्याच्या ओटीत घातले की त्याचा हक्क संपे आणि पोसण्याचा भारही उतरे. दोन्ही एकाच क्षणी घडे, कारण तो भार घेणारा समोर बसलेला असे. घेणाराच नसेल तर ते दान नव्हे; त्यास आमच्या भाषेत टाकून देणे म्हणतात.

खरी गुंतागुंत पुढेच आहे. मुंबई इलाख्यात विवाहित, इतकेच काय, पुत्रवान पुरुषही दत्तक जाऊ शके. मयूखाने तशी मोकळीक दिली होती. असा गृहस्थ एखाद्या निपुत्रिक आप्ताच्या घरी दत्तक गेला की पत्नी त्याच्याबरोबर नव्या गोत्रात जाई. पण आधी जन्मलेल्या मुलाची वाट कोणती? १९०९ साली हायकोर्टाने सांगितले की तो जन्मघरातच राहतो. त्याचे गोत्र तेथले आणि वाटाही तेथलाच. म्हणजे मूल जागचे हलले नाही, आणि त्याचे आईबाप मात्र शास्त्रदृष्ट्या परघरचे झाले! घराण्यात शेतवाडी असेल तर त्या वाट्यावर त्याचे पोट भरे. जेथे वाटाच नाही तेथे या न्यायाने पोराच्या ताटात काय पडावे, याचे उत्तर त्या निवाड्यात शोधणे व्यर्थ होय.

१९३९ साली पूर्ण पीठापुढे प्रश्न आला की, असा दत्तक गेलेला बाप मागे राहिलेल्या मुलास दुसऱ्यास दत्तक देऊ शकतो काय? पीठाने होकार दिला. आम्हांस हा निर्णय मार्मिक वाटतो. गोत्र सुटले तरी बापपण सुटले नाही, असाच त्याचा अर्थ. मग मूल देऊन टाकण्यापुरते जे बापपण शिल्लक राहते, ते त्याला पोसण्यापुरते का राहू नये?

फौजदारी कायद्याने हा काथ्याकूट केलाच नाही. १८९८ च्या क्रिमिनल प्रोसिजर कोडाच्या ४८८ व्या कलमान्वये, ऐपत असून जो बाप आपल्या असहाय मुलास पोसत नाही, त्यास मॅजिस्ट्रेट पोटगी द्यावयास लावी. मूल औरस की अनौरस, हेही तेथे पाहिले जात नसे. मर्यादा दरमहा ५० रुपयांची होती. १९२३ साली ती १०० झाली.

कागद करून बापपण सोडता येईल, ही समजूत जुनीच आहे. मद्रासेकडील नारायणय्या यांनी १९१० साली जे. कृष्णमूर्ती व त्यांचे बंधू यांचे पालकत्व अ‍ॅनी बेझंटबाईंस लिहून दिले आणि पुढे ते परत मागितले. पालकत्व ही पवित्र ठेव असून ती कायमची लिहून देता येत नाही, असे प्रिव्ही कौन्सिलाने १९१४ साली म्हटले.

१९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याने दत्तकाच्या दिवसापासून जन्मघराचे नाते तुटते, आणि यथाविधि झालेले दत्तविधान कोणास रद्द करता येत नाही. मूल दिल्याबद्दल पैसे घेणे हा अपराध आहे. त्याच कायद्याने, दत्तक न दिलेल्या अज्ञान मुलाचा निर्वाह आईबापांवर आहे. तरीही फारकतीच्या कागदात ‘मुलावर माझा हक्क नाही, खर्चही मागू नये’ असे कलम अजून घातले जाते. त्यावर दोघे सह्या करतात. ज्याच्या जेवणाची ती गोष्ट, त्याची सही नसतेच, आणि कोर्ट त्याचा हक्क बुडाला असे मानीत नाही. २००१ साली पोटगीच्या रकमेवरील मर्यादाही उठली. १ जुलै २०२४ पासून ती तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात आहे.